पुनर्वापराच्या लाकडाची गिटार आणि परवान्याबद्दल खुलासा

सध्या एक संदेश फिरतोय: ‘जुन्या वासे-फर्निचरमधून काढलेल्या लाकडाची हस्तनिर्मित गिटार असेल तर परदेशी नेताना कागद लागत नाहीत, 2019 पासून सगळ्याच रोझवूडला सूट आहे.’ यातलं निम्मंच खरं आहे, आणि उरलेलं निम्मं महागात पडू शकतं.

सायटिस या दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात 2017 पासून रोझवूडचा सगळा वंश, म्हणजे डालबर्जिया, परिशिष्ट 2 (परवान्याने व्यापार) किंवा 1 (सगळ्यात कडक बंधनं) मध्ये आहे. 2019 च्या नोव्हेंबरपासून सूट मिळाली ती तयार वाद्यांना, आणि तीही फक्त परिशिष्ट 2 मधल्या जातींच्या. करारातली 15 क्रमांकाची टीप वाचली की हे दिसतं. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून परिशिष्ट 1 मध्ये आहे, त्याला ही टीप लागूच नाही. लाकूड जुन्या कपाटातलं असलं तरी जात तीच राहते. 1992 पूर्वीचं असल्यास वेगळं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण तेही कागदच, आणि त्यासाठी लाकडाच्या वयाचा पुरावा हवा. नुसता ‘रिक्लेम्ड’ हा शिक्का पुरावा नव्हे.

रेडवूड हे रोझवूडहून वेगळं झाड; त्याच्या जुन्या तुळईतून काढलेल्या, गिटारच्या वरच्या फळीला मात्र सायटिसची अडचण नाही.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा जोडा.