चोर बाजारातला पडून राहणारा माल

मुंबईच्या चोर बाजारावर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी रील टाकतं. पितळी कर्णा, धूळ खात टांगलेलं झुंबर, जुन्या सिनेमाचं पोस्टर, आणि खाली कमेंटमध्ये दोन तट. एक म्हणतो, घाण जाऊ द्या, टॉवर येऊ द्या. दुसरा म्हणतो, वारसा वाचवा. या भांडणात धंद्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या धंद्याचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: माल पडून राहू शकतो. किराणा दुकानात जे आठवड्यात खपलं नाही ते नुकसान. इथे उलट. जहाजावरचा दिवा, बेल्जियन काचेचा आरसा, पारशी घरातलं शिसवी कपाट यांना गिऱ्हाईक येतं तेव्हा येतं. एखादा आर्ट डिरेक्टर १९४०च्या दिवाणखान्याचा सेट लावायला निघतो, तेव्हा त्याला तीच वस्तू त्याच दिवशी हवी असते. तोवर ती दुकानात असायला हवी, आणि ती असण्याचा खर्च जवळजवळ शून्य असायला हवा.

हिशेब मांडून बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. झुंबर २०,००० ला घेतलं, चार वर्षांनी ३५,००० ला गेलं. सुटले १५,०००. झुंबराने जागा अडवली १० चौरस फूट. जुन्या पागडीचं (भाडेहक्कासाठी एकदाच मोठी रक्कम मोजायची, मग भाडं नाममात्र) भाडं महिन्याला फुटामागे २ रुपये धरलं, तर ४८ महिन्यांचे ९६० रुपये. धंदा झाला. नव्या इमारतीत भाडं नाही पण मेंटेनन्स आणि कर मिळून फुटामागे १५ रुपये धरले, तर ७,२००, म्हणजे निम्मा नफा गेला. आणि बाजारभावाने २०० रुपये फूट भाडं असेल तर ९६,०००. तिथे झुंबर विकणारा माणूस वेडा म्हणायचा. यात वीज, पोऱ्याचा पगार, अडकलेल्या पैशाचं व्याज धरलेलंच नाही.

म्हणून टॉवर येण्याची वाट न बघताही हा बाजार बदलतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने भाडेवाढ वर्षाला ४ टक्क्यांवर बांधली आणि पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं. जुना दुकानदार थकला, पोराला रस नाही, की गाळा पागडीने जातो. मालक साधारण एक तृतीयांश घेतो, उरलेलं जुन्या भाडेकरूला. नवा माणूस रोख मोजून आत येतो. भाडं त्यालाही नाममात्रच असतं, पण गुंतवलेली रक्कम त्याला झोपू देत नाही. तो आरसे ठेवणार नाही. तो मोबाइल कव्हर, अत्तर, बूट ठेवणार, जे रोज फिरतं. एकेक गाळा असा गळत जातो आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाजाराची ‘चव’ गेली.

जे टिकून आहेत, त्यांनीही वेग वाढवायचा मार्ग शोधला: नकली माल. कर्णेवाला ग्रामोफोन घ्या. बहुतेक दुकानांत दिसणारा चकचकीत पितळी कर्णा नव्या पातळ पत्र्याचा असतो, पेटी नवी आणि बहुधा अष्टकोनी, त्यावर कुत्र्याचं चित्र, आणि आत कुठल्यातरी पोर्टेबल ग्रामोफोनची जुनी मोटार. खरंखोटं करायचं तर कर्णा बघू नका, टोनआर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, सांधा बघा. नकलीत तो ओबडधोबड डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेला असतो आणि आर्म सैल डुलतो. मग पूर्ण चावी द्या आणि दहा इंची तबकडीची एक बाजू सलग वाजवा, तीन मिनिटांच्या आसपास. मध्येच गाणं जड होऊन घसरलं, तर स्प्रिंग दमली आहे किंवा तिच्यातलं ग्रीस वाळलं आहे. आणि पोलादी सुई दर बाजूला बदलायची. बोथट सुई लाखेच्या तबकडीची खाच कायमची खरवडते. दुकानदार एकाच सुईवर दहा तबकड्या वाजवून दाखवत असेल, तर त्याच्याकडच्या तबकड्या घेऊ नका.

पोस्टरचंही तेच. जुनी पोस्टरं घडी घालून ठेवलेली असत, घडीवर कागद मोडून शाई उडालेली असते. नव्या नकलेत ती घडीसुद्धा छापून येते! बोट फिरवा. डोळ्याला घडी दिसतेय आणि बोटाला कागद सपाट लागतोय, तर ते कालचं डिजिटल प्रिंट आहे. नक्कल म्हणून घ्यायला हरकत नाही, पण पैसे नकलेचेच द्या.

नकली मालामागे आणखी एक कारण आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक हाताशी असताना ‘ही प्रतिकृती आहे’ असं बिलावर लिहिणं दोघांनाही सोयीचं. मग खरंच प्रतिकृती बनवणं आणखी सोयीचं.

आता टॉवर. बाजाराला खेटून असलेल्या भेंडी बाजाराचा समूह पुनर्विकास २००९ मध्ये स्थापन झालेला सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट करतो आहे. सुमारे १६.५ एकर, २५० च्या आसपास इमारती, ३,२०० कुटुंबं, १,२५० दुकानं. याला सरसकट विरोध करणाऱ्यांनी ३१ ऑगस्ट २०१७ आठवावा. पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. ज्या गोठलेल्या भाड्यावर खालचं झुंबर टिकतं, त्याच भाड्यात वरच्या मजल्याचा सज्जा दुरुस्त होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत आहेत. इथल्या कुटुंबांना स्वतःचा संडास असलेलं किमान ३५० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळत असेल, तर धुळीच्या प्रेमापोटी त्यांना अडवणारे आपण कोण?

पण दुकानाचं माप चुकतंय. पुनर्विकासाच्या नियमात दुकानदाराला मिळतं ते सध्याच्या चटई क्षेत्राइतकं, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेइतकं. कागदावर न्याय्य. प्रत्यक्षात १५० फुटांचा गाळा चालतो तो पोटमाळ्यावर, मागच्या बोळात रचलेल्या खुर्च्यांवर, दुकानापुढच्या चार फुटांवर आणि दोन गल्ल्या पलीकडच्या पॉलिशवाल्यावर. यातलं काहीच चटई क्षेत्रात येत नाही. अनधिकृत पोटमाळा तर नाहीच नाही. शिवाय चपडा-स्पिरिटचं पॉलिश, पितळ घासणं, डाग देणं ही वासाची, आवाजाची, आगीची कामं. काचेच्या आर्केडमध्ये अग्निशमनाच्या नियमांत ती बसत नाहीत. कारागीर भिवंडीला गेला की टेम्पोचं भाडं वस्तूच्या किमतीवर चढतं, आणि हजार-दोन हजारांची मोडकी खुर्ची दुरुस्त करण्यात अर्थ उरत नाही. ती थेट भंगारात.

आणखी एक मेख. विकासकाने ठेवायच्या कॉर्पस फंडातून, म्हणजे राखीव रकमेतून, पहिली दहा वर्षं देखभाल भागते. म्हणजे नव्या गाळ्यात गेलेल्याला सुरुवातीला वाटतं, अरे, काहीच फरक पडला नाही. वर मांडलेला १५ रुपयांचा हिशेब अकराव्या वर्षी दारात येतो.

फेरीवाल्यांना तर मापच नाही. शुक्रवारी मटण स्ट्रीटची पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार भरतो: ताडपत्रीवर चार्जर, नळाचे तुटके कॉक, घड्याळांच्या पट्ट्या, एकेक सुटा बूट. अनेक चांगल्या वस्तू आधी इथेच येतात, दुकानदार पहाटे उचलतो आणि आठवड्याने काचेमागे लावतो. हा पुरवठा तुटला तर दुकानं सुकतील. २०१४च्या फेरीवाला कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात म्हटलंय, ज्या नैसर्गिक (आपोआप वाढलेल्या) बाजारात विक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले आहेत तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. वारसा म्हणून कमानी आणि गवाक्षांचे फोटो टाकणाऱ्यांनी हे एक कलम पालिकेकडे लावून धरलं, तर जास्त उपयोग होईल.

माझ्या मते मागण्या तीनच असाव्यात. गाळ्यासोबत तळघरात किंवा पोडियममध्ये गोदामाची जागा, तिचा मेंटेनन्स दुकानाच्या एक चतुर्थांश दराने. तळमजल्यावर, हवा खेळती असलेले पाच-सहा सामायिक कारखाने, पॉलिश आणि डागकामासाठी, अग्निशमनाची सोय धरून. आणि दुकानांची तोंडं रस्त्याकडेच, आतल्या मॉलकडे नकोत, कारण या बाजारातलं बहुतेक गिऱ्हाईक ठरवून काही घ्यायला येत नाही, चालता चालता अडखळतं.

ज्यांचे गाळे पुनर्विकासात जायचे आहेत त्यांनी आजच फाइल करा: भाडेपावत्या जितक्या मागे जातील तितक्या, गुमास्ता परवाना, वीजबिलं, पागडी हस्तांतराचे कागद. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली नवी भाडेदारी पात्रतेत धरत नाहीत, म्हणून त्याआधीचा एक तरी सरकारी कागद शोधाच. पोटमाळ्याचा कधीकाळी मंजूर झालेला नकाशा असेल तर त्याची प्रमाणित प्रत काढा. आणि मोजणीवाला येईल त्या दिवशी दुकान उघडं ठेवून स्वतः हजर राहा. टेपचं दुसरं टोक तुमच्या हातात असू द्या.