फेंटानिलचा पॅच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फेंटानिल या तीव्र वेदनाशामक औषधाच्या पॅचवरच्या माझ्या लेखाखाली आपण चार गोष्टी लिहिल्यात. मी जहराचं गुणगान करतो. अमेरिकेतली नशेची साथ डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून सुरू झाली, हे लपवतो. भारतातून आफ्रिकेत नशेसाठी जाणाऱ्या ट्रामाडोल या वेदनाशामकाबद्दल गप्प बसतो. आणि वर, 'घरात बसून लिहिणाऱ्याला वेदना काय ठाऊक?'

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मतभेद असावेत, पण ही कुठली बोलायची पद्धत?

माझ्या आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. शेवटी शेवटी तिला कूसही बदलता येईना. प्रिस्क्रिप्शन पाहून गावातले मेडिकलवाले हात वर करायचे. एका दवाखान्यात तर ऐकवलं, 'सवय लागेल.' मरणाच्या दारातल्या बाईला सवय! अखेर पॅच मिळाला. कातडीवर चिकटवायचा, औषध आत झिरपत राहतं, तीन दिवसांनी बदलायचा. दुसऱ्या दिवशी ती शांत झोपली. हे मी घरात बसूनच पाहिलं, साहेब.

फेंटानिल अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनच्या 50 ते 100 पट तीव्र. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणून ते एवढ्याशा पॅचमध्ये मावतं, आणि म्हणूनच तस्करालाही सोयीचं पडतं. पण अमेरिकेच्या रस्त्यावरचं बहुतेक फेंटानिल दवाखान्यातून चोरलेलं नसतं. चीनमधून रसायनं आणून मेक्सिकोतल्या टोळ्या ते बनवतात. त्यांच्या पापाची शिक्षा इथल्या कॅन्सरच्या रुग्णाने भोगायची? 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या धाकाने आपल्याकडे मॉर्फिनसुद्धा मिळेनासं झालं होतं. 2014 साली दुरुस्ती करून मॉर्फिन, फेंटानिल अशा औषधांचे परवाने सोपे करावे लागले. ते काय औषध कंपन्यांचं गुणगान करायला?

अमेरिकी कंपन्यांनी गोळ्या खपवल्या, हे खरं. पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

ट्रामाडोलवर एखादी ओळ हवी होती, मान्य. ही घ्या : 2018 पासून ते एनडीपीएसखाली आहे. टॅपेंटाडॉल (तेही वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) यांच्या एकत्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. त्यांच्या उत्पादनाची आणि निर्यातीची परवानगी 2025 साली सरकारने काढून घेतली. ही दुसरी ओळ. झालं समाधान?

बाकीच्या टोमण्यांना उत्तर देत बसत नाही. पुढचा लेख मॉर्फिनच्या परवान्यांवर आहे. वाचायची सक्ती नाही.