डिव्हिडंड देत नाही म्हणून कंपनी लगेच चोर?

शेअर मार्केटवर गप्पा सुरू झाल्या की एक वाक्य हमखास येतं, "अमुक कंपनी एवढा नफा कमावते आणि शेअरहोल्डरला एक छदाम देत नाही, लूट आहे नुसती." माझी चिडचिड होते हे ऐकून, कारण बोलणारा धरून चालतो की डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून शेअरहोल्डरला वाटते ते पैसे, हे वरचं बक्षीस. अहो, ते तुमचेच पैसे आहेत! कंपनीच्या खात्यातून निघाले आणि तुमच्या खात्यात आले, त्यामुळे एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, शेअरचा भाव साधारण तेवढाच खाली येतो (बाजार रोज वरखाली होतच असतो म्हणून ते जाणवत नाही, एवढंच), आणि वर बहुतेक देशांत त्यावर टॅक्स.

मग विचारायचं ते एवढंच की हा पैसा कुणाच्या हातात जास्त वाढेल. समजा कंपनी आत ठेवलेल्या पैशावर वर्षाला 20 टक्के कमावतेय, तर दहा वर्षांत त्याचे सहा पट होतात. तोच पैसा तुम्हाला दिला आणि तुम्ही 7 टक्क्यांच्या ठेवीत टाकला तर दहा वर्षांत जेमतेम दुप्पट, तेही टॅक्स धरला नाही तर. अशा कंपनीकडे डिव्हिडंड मागणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा.

अ‍ॅमेझॉन 1997 ला शेअर बाजारात लिस्ट झाली, पूर्ण वर्षाचा पहिला नफा दाखवला 2003 मध्ये, आणि नंतर नफा यायला लागल्यावरही डिव्हिडंड नाहीच, पैसा गोदामांत आणि सर्व्हरच्या धंद्यात ओतत राहिले. मायक्रोसॉफ्ट 1986 ची लिस्टेड, पहिला डिव्हिडंड 2003 ला, आणि पुढच्याच वर्षी शेअरमागे 3 डॉलरचा स्पेशल डिव्हिडंड, एकूण साधारण 32 अब्ज डॉलर, कारण तोवर एवढी कॅश साठली होती की तिचं करायचं काय हाच प्रश्न होता. गूगलवाल्या अल्फाबेटने आणि फेसबुकवाल्या मेटाने तर पहिला डिव्हिडंड थेट 2024 मध्ये दिला. वाढायला जागा असते तोवर पैसा आत राहतो, जागा कमी पडायला लागली की बाहेर यायला लागतो, म्हणून एखाद्या वाढत्या कंपनीने अचानक डिव्हिडंड सुरू केला की मी तरी पेढे वाटत नाही, आधी बघतो की हिच्याकडचे नवीन प्रोजेक्ट संपले की काय.

प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफेटच्या बर्कशायर हॅथवे कंपनीचं उदाहरण तर सगळ्यात भारी. बफेटच्या काळात एकदाच डिव्हिडंड दिला, 1967 मध्ये, शेअरमागे 10 सेंट. 2014 मध्ये एका शेअरहोल्डरने डिव्हिडंड सुरू करा म्हणून ठराव आणला तर बाकीच्या शेअरहोल्डरांनीच तो प्रचंड मताधिक्याने पाडला.

काही कंपन्या देत नाहीत कारण देण्यासारखं काही नसतंच. नफा कागदावर दिसतो पण पैसे उधारीत आणि मालात अडकलेले, किंवा कर्ज देताना बँकेने अटच घातलेली की आमचे हप्ते नीट फिटेपर्यंत वाटप बंद. कधी वरूनच सांगितलं जातं, मार्च 2020 मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेने बँकांना सांगितलं होतं की तूर्तास डिव्हिडंड देऊ नका, भांडवल जपा.

आणि एकदा सुरू केलं की बंद करणं महाकठीण, कारण कपात केली की बाजार लगेच म्हणतो, गडबड आहे. जनरल इलेक्ट्रिकवर 2018 मध्ये तिमाही डिव्हिडंड 12 सेंटवरून 1 सेंटवर आणायची वेळ आली, त्याची केवढी बोंब झाली. त्याउलट ब्रिटनची बांधकाम कंपनी कॅरिलियन दरवर्षी डिव्हिडंड वाढवत राहिली, लोक खूश, आणि जुलै 2017 मध्ये कळलं की कंत्राटांमध्ये 845 दशलक्ष पौंडांचा खड्डा आहे, जानेवारी 2018 मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे दिवाळं निघून गुंडाळायला. म्हणजे डिव्हिडंड येतोय यावरून तब्येत ठणठणीत आहे असं अजिबात समजू नका.

पण म्हणून पैसा दाबून बसणारी प्रत्येक कंपनी हुशार असते असंही नाही हं. हातात कॅश खुळखुळायला लागली की मॅनेजमेंटला साम्राज्याची स्वप्नं पडतात, धंद्याशी संबंध नसलेल्या कंपन्या वाट्टेल त्या भावाला विकत घेतल्या जातात आणि चार वर्षांनी तीच रक्कम गुपचूप राइट-ऑफ होते, म्हणजे बुडीत धरून हिशोबातून काढली जाते. "आम्ही डिव्हिडंडऐवजी बायबॅक करतो" (म्हणजे आपलेच शेअर परत विकत घेतो) म्हणणाऱ्यांचंही एकदा तपासा, शेअर्सची एकूण संख्या खरंच कमी झालीय का, कारण कर्मचाऱ्यांना वाटलेल्या ऑप्शन्समुळे (ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) ती होती तिथेच असेल तर तुमच्या हाती काय आलं? माझी तपासणी साधी आहे, गेल्या पाच-सात वर्षांत किती नफा आत ठेवला आणि त्याच काळात वर्षाची कमाई किती वाढली. पैसा ठेवलाय भरपूर आणि कमाई तिथल्या तिथे, तर मात्र भांडा, एजीएममध्ये, म्हणजे शेअरहोल्डरांच्या वार्षिक सभेत, उभं राहून विचारा.

दरमहा खर्चाला पैसे लागणाऱ्यांचं वेगळं, मान्य. त्यावर बफेटनेच 2012 सालच्या पत्रात उपाय सांगितलाय की दरवर्षी थोडे शेअर विका, पाहिजे तेवढा डिव्हिडंड आपला आपण तयार करा. गणित बरोबर आहे, पण आपल्यातल्या कित्येकांना मुद्दलाला हात लावायचा म्हटलं की झोप लागत नाही, आणि पडत्या बाजारात विकायला तर छातीच लागते. त्यांनी खुशाल डिव्हिडंडवाल्या कंपन्या घ्याव्यात, फक्त तो किती वर्षं टिकणाराय ते कॅश फ्लोमध्ये (कंपनीत प्रत्यक्ष येणाऱ्या-जाणाऱ्या पैशात) बघून मगच.