मेलेली कळ

गेल्या आठवड्यात एका ८० वर्षांच्या बाईने मला खुर्चीवरून उठवलं. ‘उठा’ असं म्हणालीसुद्धा नाही. भाजीची चाकांची पिशवी माझ्या गुडघ्याला टेकवून नुसती उभी राहिली, आणि मी उठलो. टंकलेखन मराठी ४०, इंग्रजी ४०, दोन्ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास, उभा जन्म जिल्हा परिषदेत टिपण्या बडवण्यात गेलेला. तो मी माद्रिदमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, नातीच्या देखत, उठलो. त्यानंतर दोन रात्री झोप नाही.

झालं होतं इतकंच की नातीचा उंदीर हरवला होता. कापडी उंदीर. मान्सानारेस नदीकाठच्या बागेत घसरगुंडीपाशी कुठेतरी पडला. इकडे पोरांचा दुधाचा दात पडला की तो उशीखाली ठेवतात आणि रात्री पेरेथ नावाचा उंदीर येऊन दात नेतो, नाणं ठेवतो. १८९४च्या सुमारास लुईस कोलोमा नावाच्या पाद्रीबाबांनी तेराव्या अल्फोन्सो या बालराजासाठी ही गोष्ट रचली म्हणे. गोष्टीतला उंदीर आरेनाल रस्त्यावर ८ नंबरच्या इमारतीत, बिस्किटांच्या डब्यात राहायचा, म्हणून तिथे नगरपालिकेने पाटी लावली आहे. उंदराच्या नावाची पाटी! मी स्वतः बघून आलो. आम्ही दात कौलांवर फेकायचो आणि उंदराला एक पैसाही सुटत नसे, पाटी तर सोडाच.

तर नातीचा पहिला दात पडला तेव्हा लेकीने तिला हा उंदीर आणला होता, आणि आता दुसरा दात हलायला लागला होता. म्हणजे प्रकरण तातडीचं. लेक-जावई ऑफिसात. नात म्हणाली, “आबा, तू टायपिंगवाला आहेस ना? झाडांवर कागद लावू या.” मी बोटं मोडली आणि बसलो.

स्पॅनिश भाषेबद्दल माझं वाईट मत नाही. पण उंदीर हरवल्याची जाहिरात कोणी देऊ नये, अशाच बेताने ती घडवलेली आहे. उंदीर म्हणजे रातोन, त्याच्या शेवटच्या स्वरावर तिरकी काडी. पेरेथ, काडी. टेलिफोन, त्यालाही काडी. छोटा म्हणजे पेकेन्यो, त्यातल्या एनच्या डोक्यावर नागमोडी लाट. मुलगी म्हणजे निन्या, लाट. नात सहा वर्षांची; वर्षं म्हणजे आन्योस, पुन्हा लाट. आणि माझा लॅपटॉप इकडे येताना भारतातून आणलेला. त्यावर लाट नाही नि काडी नाही. शोधलं तर सल्ला मिळाला की ऑल्ट दाबून धरा आणि १६४ टाइप करा, लाट येते. मी ऑल्ट दाबला, तर वरच्या पट्टीवर चिमुकल्या अक्षरांची पिल्लं उगवली. मग खाली बारीक अक्षरात कळलं की हे आकडे उजवीकडच्या वेगळ्या चौकटीतलेच हवेत. माझ्या लॅपटॉपला ती चौकटच नाही. छोटा लॅपटॉप हलका पडतो म्हणून मीच हट्टाने घेतला होता.

शेवटी साधी अक्षरं टाइप केली. म्हटलं, छापून झाल्यावर लाटा पेनाने काढू. रांगोळी काढणाऱ्यांच्या घरात जन्मलोय, सहा लाटा काय जड आहेत!

दुकानात गेल्यावर मालकाला म्हणालो, “रातोन हरवला.” त्याने टेबलाखालून कॉम्प्युटरचा माउस काढून माझ्या हातात दिला. इथे माउसलाही रातोनच म्हणतात. तो गोंधळ नातीने निस्तरला. मग कागद छापून हातात आला, आणि माझ्या खांद्यावरून कोणीतरी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तीच ही बाई. पांढरे केस, मोत्यांच्या कुड्या, चाकांच्या पिशवीतून डोकावणारी कांद्याची पात. ती लाट नसलेल्या आनोस या शब्दापाशी थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग छातीवर क्रूस काढला.

“नो, नो, नो, आबुएलो.”

आबुएलो म्हणजे आजोबा. मला! माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी बाई.

मी विचारलं, काय झालं? बाईने शब्दावर बोट ठेवलं आणि भराभर सांगायला सुरुवात केली. पण त्याआधी दोन्ही तळहातांनी नातीचे कान घट्ट झाकले. आता माझी अडचण समजून घ्या. दुभाषी तीच. तिचेच कान बंद. बाई कळकळीने सांगतेय, मी मान डोलावतोय, आणि दोघांच्या मध्ये सरकारी दुभाषी कान झाकून उभी. मला समजत नाही हे बघून बाईने खुर्चीच्या बैठकीकडे बोट दाखवलं. मला वाटलं, बसा म्हणतेय. बसलो. “नो!” उठलो. तिने पुन्हा बैठकीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा अगदी शालीनपणे बैठकीकडे बोट केलं. मी पुन्हा बसलो. दुकानदार छताकडे बघत होता. कान झाकले म्हणून पोरांना ऐकू येत नाही, असं थोडंच आहे? नात एकदम मराठीत ओरडली, “आबा, ढुंगण! तू लिहिलंस तिला सहा ढुंगणं आहेत!”

दुकानात मराठी कोणाला येत नव्हतं म्हणून बरं. तरी माझे कान गरम झाले. आणि निन्यावर लाट नसल्यामुळे तिची नीना झालेली. म्हणजे सहा ढुंगणांची नीना उंदीर शोधत होती, आणि हे मी वीस झाडांना चिकटवणार होतो.

दुकानदाराने सुज्ञपणे मला स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवलं. स्पॅनिश कीबोर्ड. लाटेच्या एनला स्वतःची कळ, एलच्या शेजारी, आपल्याकडे अर्धविराम असतो तिथे. एकदम राजेशाही थाट. लाटा संपल्या, काड्या राहिल्या. काडीची कळ तिच्याच पलीकडे. दाबली, काही उमटलं नाही. जोराने दाबली, तर दोन काड्या एकदम उमटल्या, पण खाली अक्षर नाही. पुसून पुन्हा तेच. पाठीमागून बाई म्हणाली, “तेक्ला मुएर्ता.”

“आबा, ती म्हणते हे बटण मेलंय.”

मी सद्भावनेने दुकानदाराला सांगितलं की तुमचा कीबोर्ड बिघडलाय. तो म्हणाला, नाही, उत्तम आहे. मी म्हणालो, अहो, मेलंय. तो म्हणाला, हो, मेलंयच, पण उत्तम आहे. आता अशा देशात माणसाने काय करायचं? आपल्याकडे कळ दाबतात, कळ येते, कळ काढतात, कळ सोसतात; पण मेलेली कळ उत्तम असते हे काही केल्या कळेना. शेवटी बाईने माझं बोट धरून दाखवलं: आधी मेलेली कळ, काही होत नाही, गप्प राहायचं, मग स्वर दाबायचा, की काडी स्वराच्या डोक्यावर येऊन बसते. जुन्या टाइपरायटरवर ही कळ दाबली की काडी उमटायची, पण कागदाचा गाडा पुढे सरकायचा नाही. म्हणून मेलेली.

आणि मग खरा चटका बसला. आमच्या गोदरेजच्या टाइपरायटरवरही अशा कळा होत्या! दाबल्या तरी गाडा जागचा हलत नसे. हे मला माहीत होतं. पाव शतक माझ्या बोटांना माहीत होतं. आणि भाजीवाल्या पिशवीची बाई मला ते बोट धरून शिकवत होती.

नातीला माझी दया आली असावी. ती बाईला म्हणाली, माझे आजोबा टायपिस्ट होते. बाईचा चेहरा उजळला. ती ऑलिव्हेत्तीवर आयुष्य काढलेली निघाली. तिने मला आपुलकीने विचारलं, “क्वांतास पुल्साथ्योनेस?”

“आबा, तुझे ठोके किती, विचारतेय.”

मला बरं वाटलं. परक्या देशात इतकी विचारपूस कोण करतं! मी म्हणालो, “७२. गोळी घेतो मी.”

नातीने गोळी वगळून सांगितलं. बाई गप्प झाली. “मिनिटाला?” “अर्थात, मिनिटालाच.” तिने दुकानदाराकडे पाहिलं, त्याने नजर खाली केली. मग तिने माझ्या दंडावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा, आणि विनयाने म्हणाली की तिचे ३५० होते.

३५०! मी हबकलो. म्हटलं, हिला आत्ता भोवळ येणार. तेवढ्यात चाकांची पिशवी माझ्या गुडघ्याला लागली. मला वाटलं, बाई कोसळतेय, आणि मी ताडकन उठून खुर्ची दिली. ती बसली, कीबोर्ड जवळ ओढला, आणि पत्र्यावर वळवाचा पाऊस पडावा तसा आवाज झाला. पाऊस थांबला तेव्हा जाहिरात तयार होती.

पुल्साथ्योनेस म्हणजे नाडीचे ठोकेही आणि कळांचे ठोकेही, हे जावयाने रात्री जेवताना सांगितलं. इथे टायपिंगचा वेग शब्दांत नाही, ठोक्यांत मोजतात. शब्दाला ५ ठोके धरले तर माझे ४० शब्द म्हणजे २०० होतात. २००! ७२ नव्हे. रात्री एक वाजता हिला उठवून सांगितलं. ही म्हणाली, “अहो, झोपा आता.”

आता जे मनात आहे तेही सांगून टाकतो. १९९१च्या सुमारास युरोपच्या सामायिक बाजारवाल्यांनी स्पेनला सांगितलं होतं की, इथे विकल्या जाणाऱ्या कॉम्प्युटरवर लाटेचा एन असलाच पाहिजे हा तुमचा नियम व्यापाराच्या आड येतो, काढून टाका. देश खवळला. लेखक उठले, स्पॅनिश भाषेची अकादमी उठली. १९९३मध्ये सरकारने शाही फर्मान काढून, युरोपच्याच मास्ट्रिक्ट करारातल्या संस्कृतिरक्षणाच्या कलमाचा आधार घेऊन तो एन राखला. एका अक्षरासाठी! शाबास. पण माझं आडनाव काळे. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी माझा ळ गेला, तेव्हा कोणी खवळलं नाही. मीसुद्धा खवळलो नाही. सही करून घेतला. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपल्या देवनागरी कीबोर्डच्या मांडणीत, ळ कुठे असतो माहीत आहे? एनच्या कळीवर. नुसती दाबली तर ल, शिफ्टसकट दाबली तर ळ. म्हणजे त्यांच्या लाडक्या एनच्याच घरात, वरच्या मजल्यावर, माझा ळ राहतो. विमानात बसला की बेघर.

जाहिरातीत संपर्कासाठी नाव हवं होतं. पासपोर्टातलं स्पेलिंग बघून बाई म्हणाली, “काले? कोबीसारखी ती पालेभाजी?” ती भाजी इथे प्लास्टिकच्या पिशवीत, महाग, बायका व्यायामानंतर खातात. नातीने तीनदा ‘काळे’ म्हणून दाखवलं. बाईने प्रयत्न केला, एकदा ‘कारे’पर्यंत आली. मी म्हटलं, ळ राहू द्या, निदान ‘का’वर एक काडी द्या. तुमच्याकडे इतक्या आहेत.

बाई ताठ झाली. नियम आहे, म्हणाली. शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर आणि शब्दाच्या शेवटी स्वर, तर काडी नाही. उंदराला काडी मिळते, कारण जोर शेवटी आणि शेवटचं अक्षर एन. पेरेथला मिळते, कारण शेवटी झेड. टेलिफोनला मिळतेच. तुम्हाला नाही. अख्ख्या कागदावर उघड्या डोक्याने मी एकटा.

दहा सेंटला एक, अशा वीस प्रती लावल्या. तळाशी ‘फोन फक्त संध्याकाळी’ असं होतं, कारण सकाळी दुभाषी शाळेत असते. ‘फक्त’ म्हणजे सोलो, त्यावर बाईने काडी दिली होती. दुसऱ्या दिवशी पुलाजवळच्या कागदावर ती काडी कोणीतरी लाल पेनाने खोडली होती आणि बाजूला ‘२०१०’ लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणी निळ्या पेनाने तीच काडी बोटभर मोठी काढली होती. जावई म्हणाला, इथल्या अकादमीने २०१०मध्ये ही काडी नको असं सांगितलं, बऱ्याच लेखकांनी ऐकलं नाही, २०२३मध्ये पुन्हा भांडणं झाली. चौथ्या दिवशी बाण, उद्गारचिन्हं आणि एक शिवी फोन नंबरापर्यंत उतरली होती.

काल संध्याकाळी अखेर फोन वाजला. नातीने झडप घालून घेतला, ऐकलं, ‘ग्राथियास’ म्हणाली आणि ठेवला.

“सापडला?”

“नाही आबा. काडी नको म्हणाले.”