नैराश्याला ‘निसर्गाची देणगी’ म्हणण्याआधी

“निसर्ग निरुपयोगी काही ठेवत नाही. नैराश्यामुळे माणूस खोल विचार करतो. मग गोळ्या घेऊन ते दाबायचं कशाला?” हा मजकूर सतत एकमेकांना पुढे पाठवला जातोय. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

तथ्य एवढंच की मनःस्थितीला काम असतं. २०११ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी मधमाश्यांना मिनिटभर जोरात हलवलं, पोळ्यावर हल्ला झाल्यासारखं. एका वासानंतर साखर आणि दुसऱ्यानंतर कडू द्रव मिळतो, हे त्या आधीच शिकल्या होत्या. आता दोन्हींचं मिश्रण हुंगायला दिल्यावर हलवलेल्या माश्यांनी सोंड कमी वेळा पुढे केली, म्हणजे साखरेची आशा कमी धरली. नुकताच फटका बसलाय, तर जपून राहा. उदास मनही आपल्याला साधारण हेच सांगतं.

पण म्हणून नैराश्याचा आजारही उपयोगीच ठरतो का? उत्क्रांतीत निवड झाली, म्हणजे पिढ्यानपिढ्या टिकून राहिली, ती मन वर-खाली होण्याची क्षमता; त्या क्षमतेतला प्रत्येक बिघाड नाही. ताप जंतूंशी लढायला मदत करतो, तरी १०६ अंशांचा ताप कुणी अंगावर काढत नाही. शिवाय नैसर्गिक निवडीला वंश पुढे जाण्याशी मतलब, आपल्या सुखाशी नाही. रँडॉल्फ नेसी हे मानसोपचारतज्ज्ञ धूरसूचकाचं उदाहरण देतात: खरी आग चुकण्यापेक्षा दहा वेळा उगाच वाजलेलं परवडतं. म्हणजे यंत्रणा ठीक असतानाही पुष्कळसा त्रास विनाकारण होतो.

‘खोल विचार’ हे गृहीतक २००९ मध्ये अँड्र्यूज आणि थॉमसन या संशोधकांनी मांडलं. ते गृहीतकच आहे. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या अनेक वर्षांच्या कामातून उलट चित्र दिसतं: तेच ते विचार रवंथ केल्याने उदासी लांबते आणि प्रश्न सोडवणं अवघड होतं. ज्याला वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचवत नाही, त्याच्या अवस्थेला चिंतन म्हणणं मला क्रूर वाटतं. लक्ष न लागणं हे तर या आजाराचं लक्षणच आहे.

राहिल्या गोळ्या. एखादी गोष्ट उत्क्रांतीत का आली, यावरून आज उपचार घ्यावा की नाही हे ठरत नाही. आणि इथे प्रश्न जिवाचा असू शकतो: जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्या करतात. असा मजकूर वाचून कुणी चालू औषध एकदम बंद केलं, तर चक्कर, झोपमोड, अस्वस्थता सुरू होऊ शकते, आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. औषध कमी करायचं असेल तर ते डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.