आईच्या पिशवीतलं सफरचंद

सकाळी एक व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून डोकं तडकलंय. ओळखीतलेच एक गृहस्थ. क्रूझवरून न्यूझीलंडच्या बंदरात उतरताना जॅकेटच्या आतल्या खिशात दोन केळी. रोग-किडी आत येऊ नयेत म्हणून तिथं जहाजावरची फळं उतरवायला बंदी असते, आणि ती हुंगून शोधायला धक्क्यावर कुत्रे असतात. बाहेर आल्यावर कॅमेऱ्यासमोर काढून दाखवतायत, "कुत्र्यालासुद्धा पत्ता लागला नाही!" आणि खाली आपलीच माणसं लिहितायत, "लय भारी सर."

काय भारी आहे यात?

मागच्या वर्षी मी आईला घेऊन सिडनीहून अशाच जहाजानं गेले होते. न्यूझीलंडमधल्या तौरंगा बंदरात उतरायचं होतं. आईनं नाश्त्याला घेतलेलं एक सफरचंद रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं होतं. तिला अन्न टाकवत नाही, तुम्हाला माहितीयत आपल्या आया. धक्क्यावर बीगल कुत्रा रांगेतून हुंगत आला आणि आईच्या पिशवीपाशी गप्प बसला. बसला म्हणजे सापडलं. सगळी रांग बघतेय आणि आई पदर सावरत उभी. बाटलीतल्या पाण्याला कुणी हरकत घेतली नाही, सफरचंद मात्र गेलं. आईनं लगेच काढून दिलं म्हणून समज देऊन सोडलं, नाहीतर जागच्या जागी 400 डॉलर दंड.

खरं सांगते, तेव्हा मला त्या अधिकारी बाईंचाच राग आला होता. सत्तरीच्या बाईला असं बाजूला उभं करतात?

पुढे बस 'ते पुके' नावाच्या गावावरून गेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वारा अडवायला लावलेल्या उंच झाडांच्या भिंती आणि त्यांच्या आड किवीच्या बागा. ड्रायव्हरनं सांगितलं, नोव्हेंबर 2010 मध्ये इथं 'पीएसए' नावाचा जिवाणू सापडला आणि सोनेरी किवीच्या वेलीच्या वेली तोडून टाकाव्या लागल्या. मी आईला मराठीत सांगत होते. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तोडायच्या म्हणजे बुंध्यापासून?"

आमची रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत. फळात अंडी घालून ते नासवणारी फळमाशी आईला कुणी समजावून सांगायला नको. ती माशी पकडायचा दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा ती दर हंगामात स्वतः बांधते. 1 मे 2014 पासून युरोपनं आपला आंबा बंद केला तो याच माशीपायी. बंदी उठायला 2015 चा जानेवारी उजाडला. त्या मे महिन्यात आमच्या पेट्यांना वाशीत काय दर मिळाला, ते आईला आजही तोंडपाठ आहे. आणि आपण, ज्यांनी हे भोगलंय ते, दुसऱ्याच्या बंदरात फळं चोरून नेणार आणि वर टाळ्या घेणार?

जानेवारी 2025 मध्ये ऑकलंडच्या पापाटोएटोए भागात सापळ्यात एक फळमाशी सापडली. एक! नर. आपल्या आंब्यावर पडते त्याच जातीची. तेवढ्यावरून आसपासच्या घरांतून फळं-भाज्या बाहेर न्यायला बंदी झाली. त्या भागात आपली भारतीय माणसं खूप राहतात, म्हणजे तो जाच आपल्याच लोकांनी सोसला. कुणाच्या पिशवीतून आली, कधीच कळणार नाही. आपल्याकडचं, बाहेरून आलेलं गाजर गवत आठवा. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं, आज कुठल्या बांधावर नाही ते सांगा.

हो, मान्य आहे, 'ते पुके'मधला किवीचा रोग काही प्रवाशाच्या सफरचंदातून आला नव्हता. तिथले शेतकरी तर रोग आत येऊ दिला म्हणून सरकारलाच कोर्टात खेचून मोकळे झाले. आणि हेही मान्य, की जहाजावरच्या सूचना भराभर इंग्रजीत होतात, आईसारखीला त्यातलं काय कळणार. (कळत नव्हतं तर सांगायला मी होते ना शेजारी. मीच ऐकलं नव्हतं.) पण नियम फक्त साध्या माणसालाच, हे मात्र कुणी म्हणू नका. 2022 च्या डिसेंबरात 'व्हायकिंग ओरायन' हे अख्खं आलिशान जहाज तळाला चिकटलेल्या समुद्री जिवांमुळे बंदरात येऊ दिलं गेलं नव्हतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या गृहस्थांना मी वाईट म्हणत नाही. त्यांच्या घरी बाग नाही, एवढंच. पण आईच्या घरी आहे, म्हणून पुढच्या नेपियर बंदरात ती रांगेत सगळ्यांच्या पुढे गेली आणि कुणी मागायच्या आत पिशवी उलटी करून दाखवली. पाण्याची बाटली, औषधाची डबी, तोच रुमाल.

आज दुपारी तिला हा व्हिडिओ दाखवला. ती हसली नाही, चिडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "सालं कुठे टाकली त्यांनी?"

तोच प्रश्न मी त्यांच्या व्हिडिओखाली विचारलाय. अजून उत्तर आलेलं नाही.