सवलत त्यांना बिलावर, आम्हाला फायलीवर

अधिवेशन सुरू झालं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, तिजोरीवर ताण आहे, काटकसर करावी लागेल. दोन, जनतेला करात दिलासा देणार. बाकं दोन्ही वाक्यांना वाजतात. काटकसर कुणाची आणि दिलासा कुणाला, हे मात्र आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना नंतर कळतं.

2020 सालच आठवा. 4 मे रोजी शासन निर्णय निघाला आणि विकासकामांवरचा खर्च 67 टक्क्यांनी कापला गेला. 1 जूनपासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये जादा कर लागला. 3 जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला येऊन आदळलं, दापोली-मंडणगडपर्यंत आगरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, आडवी झाली. फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजार केली, हे मान्यच करायला हवं. पण आमच्याकडे हेक्टर असतो कुणाकडे? भाऊहिश्श्यात वाटणी होऊन दहा गुंठ्यांचं आगर हाती राहिलेलं. त्याचे झाले 5 हजार. दहा गुंठ्यांत शंभरावर पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, सहज बसतात. पडलेल्या कापून, ओढून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त, आणि नवं रोप धरायला सहा-सात वर्षं.

त्याच ऑगस्टच्या अखेरीस घरखरेदीवरच्या मुद्रांक शुल्कात सवलत जाहीर झाली. 1 सप्टेंबरपासून 31 डिसेंबरपर्यंत 3 टक्के कमी, पुढे मार्चअखेरपर्यंत 2 टक्के. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन त्यानंतर, 7 आणि 8 सप्टेंबरला. दोन दिवसांचं. कोरोना होता, समजू शकतो. पण कपातही आधी ठरली आणि सवलतही आधी ठरली, मग सभागृहात चर्चा कशावर करायची? आमदारांच्या पगारात वर्षभर 30 टक्के कपात झाली होती, तेही खरं. मार्च 2021 मध्ये आमदार निधी मात्र 3 कोटींवरून 4 कोटींवर गेला, पुढच्या वर्षी 5 कोटींवर. असो.

मुद्रांक सवलतीवर माझा राग नाही. त्या डिसेंबरात दस्त नोंदवायला रांगा लागल्या, बाजार हलला. माझं म्हणणं वेगळंच आहे. फ्लॅट घेणाऱ्याला सवलत मिळाली ती जागच्या जागी, शुल्क भरतानाच. मच्छीमारालाही करात सवलत आहेच की! डिझेलवरचा व्हॅट माफ, कागदावर. तो मिळतो कसा? बोटवाला मच्छीमार सहकारी सोसायटीच्या पंपावर पूर्ण भावाने डिझेल घेतो, बिलं जपून ठेवतो, सोसायटी प्रस्ताव करते, तो वर जातो आणि मग ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ परतावा येतो. म्हणजे त्यांची सवलत सरकारच्या जमेत धरलेली, आमची खर्चात. खर्चाला कात्री लागली की आमची करसवलतच आधी अडकते. कर मात्र त्याच दिवशी पंपावर वसूल झालेला असतो.

बंदरावरच्या एका तांडेलकाकांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, विचारलं, परतावा आला का हो? म्हणाले, “मागचाच येतोय रे बाबा. यंदाचा पोरांच्या लग्नाला येईल.” हसून म्हणाले, पण जुलैत हसू येत नाही. बोटी पावसासाठी झाकून किनाऱ्यावर, 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि त्याच महिन्यात जाळी विणायची, इंजिन उघडायचं, खलाशांना उचल द्यायची. तेव्हा पैसा नसला की सावकार किंवा मासळीचा व्यापारी गाठायचा, आणि त्याने पैसे दिले की भावही तोच ठरवणार.

2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी, कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या वर. म्हणजे कात्री पुन्हा निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मासेमारीला शेतीचा दर्जा दिल्याचं 2025 च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं, आमच्या बंदरावरही पेढे वाटले. पेढे गोड होते.

आता एवढंच करा. मत्स्यव्यवसाय खात्याच्या खर्चाची मागणी मंजुरीसाठी सभागृहात येईल तेव्हा कोकणातल्या एका तरी आमदाराने, पक्ष कुठलाही असो, तिच्यावर कपात सूचना द्यावी (खात्याचे पैसे कापायला नव्हे, रक्कम कमी करा म्हणत त्या विषयावर चर्चा घडवायला) आणि मंत्र्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. 31 मार्चला किती परतावा थकलेला होता, जिल्हावार. आणि हा व्हॅट सोसायटीच्या पंपावर बिलातच का वजा होत नाही? चोरी होईल म्हणाल, तर बोटीची नोंदणी, डिझेलचा कोटा आणि सोसायटीचं रजिस्टर तुमच्याकडे आधीपासून आहे. आपापल्या आमदारांना टॅग करा, मी आमच्याला केलंय.